नवें गांव वसवितांना
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवशीं दोन शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस दिला, याबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहों. अशा प्रसंगीं गतकाळाचें गुणगान करावें, पूर्वजांचे कष्ट आठवावे आणि खालीं बसावें, अशी रीत आहे. ती रीत चांगलीच आहे. परंतु आज आमचें लक्ष मागें न वळतां समोरच्या भिंतीकडे वळत आहे. तेथें एक नकाशा टांगला आहे. धर्मग्रामांतील ज्या १०० कुटुंबांस स्वतःचें घर नाहीं, अथवा ज्यांच्या एका खोलींत तीन तीन पिढ्या राहत आहेत, त्यांच्यासाठीं ओढ्यापलीकडच्या माळावर नवी वस्ती उभारण्याचा संकल्प या महोत्सवानिमित्त झाला आहे, हें आपण सर्व जाणतां. नकाशांतले रस्ते सरळ आहेत, घरांच्या रांगा सारख्या आहेत, मधोमध क्रूस आहे. तो पाहून डोळे निवतात. परंतु त्यांत एक गोष्ट आम्हांस कोठें दिसली नाहीं. माळाचा उतार कोणत्या दिशेस आहे, आणि पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें ओढ्यास मिळतें, हें त्या कागदावर दाखविलेलें नाहीं.

संकल्पास विरोध करण्यासाठीं आम्ही उभे राहिलों नाहीं. संकल्प पवित्र आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं घरें बांधणें आणि गांव वसविणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घरें पैशानें व गवंड्याच्या हातानें बांधतां येतात. गांव मात्र पाण्यावर, कामधंद्यावर आणि शेजारधर्मावर वसतें. आणि जे तेथें राहणार त्यांनींच तें वसवावें लागतें. हें केवळ आमचें मत नव्हे. आपल्या महाराष्ट्रांत हा धडा फार मोठें मोल देऊन शिकविला गेला आहे. तोच आज आपल्यापुढें ठेवण्याची परवानगी असावी.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ ची ती काळरात्र वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेलच. गणेशविसर्जन आटोपून लोक झोंपले होते. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंपाचा धक्का बसला आणि किल्लारी व आसपासचीं गांवें क्षणार्धांत मातीस मिळालीं. सुमारें ८ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेथील जुनीं घरें दगडमातीचीं होतीं. भिंती दोन दोन, तीन तीन फूट रुंद; वर लांकडी तुळयांवर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत तीं घरें थंड असत. परंतु भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या थरांस एकत्र बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणीं घातलेले नव्हते. धक्का बसतांच थर सुटले आणि भिंती झोंपलेल्या माणसांवर कोसळल्या. कित्येक ठिकाणीं लांकडी खांब तसेच उभे राहिले होते.

पुढें जें पुनर्वसन झालें, तें आपल्या देशांतील फार मोठ्या पुनर्वसनांपैकीं एक होय. सरकारनें जागतिक बँकेचें कर्ज घेतलें. अनेक संस्थांनीं व उद्योगपतींनीं गांवें दत्तक घेतलीं. ५२ गांवें जुन्या जागेवरून उठवून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घरें भक्कम झालीं, यांत शंका नाहीं. आणि ज्यांनीं तीं बांधलीं त्यांचे उपकार कोणी विसरूं नयेत. परंतु पुढें अभ्यासकांनीं त्या गांवांत जाऊन लोकांस विचारिलें, तेव्हां घराच्या मजबुतीबरोबर निराळ्याही गोष्टी ऐकूं आल्या.

पहिली गोष्ट रस्त्यांची. जुन्या गांवांत बोळ अरुंद असत, घरास घर लागून असे, आणि एकमेकांच्या भिंतींची सावली दुसऱ्याच्या अंगणांत पडे. बायकांस आपल्या वाड्यांतल्या अंगणांत बसून धान्य निवडतां येई, आणि हांक मारली तर शेजारीण ओ देई. नव्या कित्येक गांवांत शहराप्रमाणें चौकटीचे रुंद रस्ते आंखले गेले आणि गांवाचा पसारा पूर्वीपेक्षां अनेक पटींनीं वाढला. रुंद रस्ता दिसावयास भव्य. परंतु उन्हांत त्यावर सावली नाहीं, आणि त्याची डागडुजी गरीब ग्रामपंचायतीनें करावयाची! येथें एक साधा हिशेब पाहूं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मिळून १०० घरें आहेत आणि प्रत्येक घराची रस्त्याकडील रुंदी १५ मीटर आहे, असें धरिलें तर रस्ता ७५० मीटर लागतो. तीच रुंदी ३० मीटर ठेविली कीं रस्ता दीड हजार मीटर होतो. रस्त्याबरोबर नळ दुप्पट, गटार दुप्पट, दिव्यांच्या तारा दुप्पट. आणि पाण्याचा हंडा घेऊन चालणाऱ्या बाईचीं पाउलेंही दुप्पट. नकाशावर एक रेघ लांबविण्यास कांहीं खर्च येत नाहीं. तो खर्च पुढें पिढ्यान्‌पिढ्या लोक भरीत राहतात.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. त्या पुनर्वसनांत घराचें माप जमिनीच्या मापावरून ठरलें. भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत जमीन असणारे यांस २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांस ७५० चौरस फूट. ज्याच्याकडे धान्य, औत, जनावरें अधिक त्यास जागा अधिक लागते, असा त्यामागचा विचार असेल. परंतु ज्याच्याकडे कांहींच नव्हतें त्यास नव्या गांवांतही लहानांत लहान घर मिळालें. आपल्या १०० कुटुंबांपैकीं बहुतेक मोलमजुरी करणारीं आहेत. आपल्या वस्तींत घराचें माप माणसांच्या संख्येवरून ठरावें, सातबाऱ्यावरून ठरूं नये, एवढी विनंति आम्ही या ठिकाणींच करून ठेवितों.

तिसरी गोष्ट आशेची आहे. जीं गांवें जागेवरच राहिलीं, तेथें सुमारें २ लाख घरांची दुरुस्ती व मजबुती लोकांनीं स्वतःच्या देखरेखीखालीं करावयाची होती. पैसे हप्त्यांनीं त्यांच्या हातीं येत. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साह्यानें गांवोगांवच्या स्त्रियांस संवादक म्हणून तयार करण्यांत आलें. भिंतींत आरपार दगड कसे बसवावे, काँक्रीटचा पट्टा कोठें घ्यावा, माळवदावरची माती किती कमी करावी, हें त्या बायकांनीं शिकून घेतलें आणि घरोघर जाऊन सांगितलें. जिनें आजवर घर सारविलें, तिनें आतां गवंड्यास प्रश्न विचारण्यास आरंभ केला. किल्लारीच्या साऱ्या हकीकतींत आम्हांस ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कारण घर पुरें झाल्यावर गवंडी निघून जातो, पण शिकलेली बाई गांवांतच राहते.

आतां जागेकडे वळूं. दिनांक ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण या गांवावर डोंगराचा कडा कोसळून सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. वांचलेल्या लोकांसाठीं जवळच आमडे येथें नवी वसाहत बांधण्यांत आली व १९१७ नव्हे, तर बरोबर आपल्या डोळ्यांदेखत, २०१७ सालीं ती त्यांच्या स्वाधीन झाली. त्याच वर्षाच्या पहिल्या पावसांत तेथील रस्ते व भराव कांहीं ठिकाणीं खचले, आणि एकदां डोंगराखालीं सारें गमावलेल्या लोकांची झोंप पुन्हा उडाली. उतारावरची जमीन सपाट केली कीं पाणी आपली जुनी वाट सोडतें असें नाहीं. तें ती वाट पुन्हा शोधीत येतें. म्हणून नव्या जागेनें निदान एक पावसाळा माणसांच्या डोळ्यांसमोर काढला पाहिजे. पाणी कोठें सांचतें, कोठें धांवतें, कोठें मुरतें, हें माळच आपणांस सांगेल. नकाशा काढणाऱ्यानें तें ऐकून लिहून घ्यावें.

पाण्याचा विषय निघाला म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यास दूर पाहावें लागत नाहीं. येशूसंघाचे फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून येऊन आपल्या जिल्ह्यांतील दुष्काळी खेड्यांत राबले, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. १९९३ सालीं त्यांनीं क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली. २०२१ सालीं ते देवाघरीं गेले. पाणलोटाच्या कामाचा नियम असा, कीं आरंभ माथ्यापासून करावा व पायथ्याकडे यावें. वर समतल चर, मध्यें दगडी बांध, खालीं नाल्यांत बंधारा. माथ्यावर कांहींच न करितां खालीं बंधारा बांधला, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच तो गाळानें भरतो. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीसारख्या गांवांत हें काम झालें. आणि तेथें कामाइतकीच महत्त्वाची होती ती लोकांची शपथ. माथ्यावर जनावरें मोकळीं सोडूं नयेत, झाडास कुऱ्हाड लावूं नये, आणि श्रमदान करावें. चराईबंदी मान्य करणें शेळ्यांवर जगणाऱ्या गरिबास किती जड गेलें असेल, याचा विचार आपण करावा. गरिबाच्या शेळीस दुसरा चारा दाखविल्यावांचून असा नियम टिकत नाहीं.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजाराचें नांव तर सर्वश्रुत आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारपणाखालीं त्या गांवानें पाणी अडविलें. परंतु पाणी अडविणारीं गांवें पुष्कळ आहेत. हिवरे बाजाराचा विशेष असा, कीं अडविलेलें पाणी कसें वापरावें याचाही नियम त्यांनीं केला. दरवर्षीं पडलेला पाऊस मोजावयाचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडावयाचा, आणि पाऊस कमी झाला असेल तर कोणतें पीक घ्यावयाचें नाहीं हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. शेतीसाठीं बोअर पाडावयाची नाहीं, ऊस-केळीसारखीं तहानलेलीं पिकें घ्यावयाचीं नाहींत. पाणी जमिनीखालीं असतें, तें कोणा एकाच्या शेताखालीं थांबत नाहीं, ही गोष्ट त्या गांवानें कायद्याच्या धाकानें नव्हे, एकमतानें मान्य केली.

हाच ताळेबंद आपल्या नव्या वस्तीपुरता करून पाहूं. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडतें. वर्षास ५०० मिलिमीटर पाऊस धरिला तर एका हेक्टरवर ५० लाख लिटर पाणी आकाशांतून येतें. आपल्या १०० घरांत ५०० माणसें राहतील. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठीं सरकारनें धरिलेलें दरडोई दररोज ५५ लिटरचें प्रमाण घेतलें तर वर्षाचें घरगुती पाणी सुमारें १ कोटी लिटर होतें. म्हणजे अवघ्या २ हेक्टरांवर पडणारा पाऊस! त्यांतील बरेंचसें उडून व वाहून जातें हें खरें. तरीही पिण्याचें पाणी ही अशक्य गोष्ट नाहीं, हें यावरून ध्यानीं येईल. आतां दुसरी बाजू पाहा. एका हेक्टर उसास सुमारें २ कोटी लिटर पाणी लागतें. म्हणजे १०० घरें दोन वर्षें जें पाणी पितील, वापरतील, तें एक हेक्टर ऊस एका हंगामांत पिऊन टाकतो. शेजारच्या एखाद्या शेतकऱ्यानें खोल बोअर पाडून ऊस लाविला, तर आपली विहीर आटावयास किती वेळ लागेल? म्हणून वस्तीचा पाया घालण्यापूर्वीं शेजारच्या शेतकऱ्यांशीं बोलणें झालें पाहिजे. ते आपल्या धर्माचे असोत वा नसोत. एका पाण्यावर जगणारे सर्व एका घरचे होत.

घराविषयीं आम्ही थोडक्यांत सांगतों. ४० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पावसांत २० हजार लिटर पाणी पडतें. त्यांतलें १६ हजार लिटर जरी टाक्यांत धरिलें, तरी उन्हाळ्यांतल्या कित्येक खेपा वांचतात. न्हाणीचें पाणी रस्त्यावर न सोडतां परसांतल्या केळीस वा शोषखड्ड्यांत जावें. प्रत्येक घरास ओटा असावा, मागें शेळी-कोंबडीस जागा असावी, कडबा व सरपण ठेवण्यास आडोसा असावा. हें सर्व नकाशांत नसलें तरी लोक तें पुढें करतातच. मग तें पत्र्याचे तुकडे जोडून वेडेंवांकडें होतें आणि आपण लोकांस नांवें ठेवितों. आठ-दहा घरांनीं एका मोकळ्या अंगणाभोंवतीं बसावें. मध्यें निंबाचें झाड असावें. तेथें म्हातारीं माणसें बसतील, लेंकरें खेळतील, आणि संध्याकाळीं जपमाळेस घरें आपोआप जमतील. त्यासाठीं वेगळें सभागृह बांधावें लागणार नाहीं.

शेवटीं सर्वांत अवघड प्रश्न. हें सारें ठरवावें कोणीं? आपल्याकडे चटकन उत्तर मिळतें : फादर ठरवितील. फादरांवरील ही श्रद्धा आम्हांसही आहे. परंतु आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील एक प्रसिद्ध गोष्ट येथें स्मरणीय आहे. दक्षिण अमेरिकेंत, पाराना व उरुग्वाय या नद्यांच्या परिसरांत, येशूसंघाच्या फादरांनीं १६०९ पासून ग्वारानी लोकांसाठीं नवीं गांवें वसविलीं. तीं पुढें ३० झालीं आणि त्यांत एक लाखाहून अधिक लोक राहूं लागले. प्रत्येक गांवीं मध्यें चौक, एका बाजूस देऊळ व शाळा, उरलेल्या तीन बाजूंस घरांच्या रांगा. प्रत्येक कुटुंबास स्वतःचें शेत असे, आणि त्याशिवाय ‘देवाचें शेत’ म्हणून सामाईक जमीन असे. तिच्या उत्पन्नावर विधवा, अनाथ व आजारी यांचें पोषण होई. गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून त्या गांवांनीं हजारो लोकांचें रक्षण केलें. अशी ती सुंदर रचना होती. परंतु १७६७ सालीं स्पेनच्या राजानें येशूसंघास हद्दपार केलें, परके अधिकारी आले, आणि पुढल्या कांहीं दशकांत तीं गांवें ओस पडत गेलीं. त्या ऱ्हासाचीं कारणें अनेक होतीं, आणि अधिकाऱ्यांचा लोभ त्यांत मोठा होता. तथापि एक कारण आपणांस जवळचें आहे. गांवास ग्वारानी पंचांचें मंडळ होतें, परंतु शेवटचा शब्द फादरांचा असे. तो शब्द नाहींसा झाला तेव्हां गांवाची बाजू घेऊन उभें राहण्याची संवय कोणास उरली नव्हती.

आमचे फादर बदलीवर जातील, देणगीदार आपल्या घरीं जातील, आम्ही भाषण करणारेही जाऊं. माळावर राहतील तीं १०० कुटुंबें. म्हणून त्यांचीच सभा भरावी. तींत प्रत्येक घरांतून एक पुरुष व एक स्त्री यावी. आणि त्या सभेनें ‘नको’ म्हटलें तर तें ‘नको’ आपण सर्वांनीं मानावें. आमची विनंति अशी, कीं पायाचा दगड यंदा न बसवितां पुढल्या पावसाळ्यानंतर बसवावा.

हें ऐकून आपल्यांतील कांहींजण नाराज झाले असतील. सिमेंटचा भाव वाढेल, देणगीदारांचा उत्साह ओसरेल, असें ते म्हणतील. आणि तें खोटें नाहीं. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबास आणखी एक वर्ष तसेंच काढावें लागेल, हें तर आमच्या जिवास फारच लागतें. आम्ही स्वतः आपल्या घरीं सुखानें झोंपतों आणि त्यांस थांबा म्हणतों, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणूनच तें वर्ष रिकामें जाऊं नये. या उन्हाळ्यांत माळाच्या माथ्यावर समतल चर खणावे आणि त्या कामाची मजुरी याच कुटुंबांस मिळावी. शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक बसवावा व मुलांनीं रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा. विहिरीची जागा ठरवून ती खणावी आणि वैशाखांत तिला किती पाणी राहतें तें पाहावें. निंबाचीं रोपें आतांच लावावीं, म्हणजे माणसें राहावयास येतील तेव्हां झाडें वर्षाची होतील. आणि बायकांनीं फक्की घेऊन माळावर जावें, आपलें घर, चूल, ओटा, गोठा जमिनीवर आंखून दाखवावा. मग नकाशा काढणाऱ्यानें आपला कागद त्या आंखणीस जुळवून घ्यावा. एक घर नमुन्याचें बांधावें, त्यांत एका कुटुंबानें पावसाळा काढावा, आणि कोठें गळतें तें सर्वांस सांगावें.

पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हा धर्मग्राम उभारिला, त्यांनीं प्रथम एका झाडाखालीं मिस्सा केली आणि मग भिंती बांधल्या. माणसें आधीं जमलीं, देऊळ मागाहून झालें. तोच क्रम आपणही पाळावा. पुढल्या वर्षीं, पाऊस सरल्यावर, माळावरच्या त्या विहिरीच्या कांठीं आपण सर्व पुन्हा जमूं, आणि त्या वेळीं नकाशावर पहिली खूण त्या १०० घरांतल्या एखाद्या माउलीच्या हातची असेल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतों. या कामीं परमेश्वर आपणांस सुबुद्धि व धीर देवो.